अर्ध्या बोटाचा फरक

एकदा एक व्यापारी होता. त्याचा व्यापार मोटारींचा. रेल्वेने आलेल्या कोऱ्या करकरीत मोटारी आपल्या ट्रेलरवर चढवायच्या आणि घाट उतरून कोकणातल्या दुकानदारांकडे सुखरूप पोचवायच्या, हा त्याचा उद्योग होता. ट्रेलर दोन मजली होता, वर तीन मोटारी आणि खाली तीन. तो रस्त्याने निघाला की माणसे मान वर करून बघत राहत. चाकांकडे कुणाची नजर जात नसे आणि त्यात नवल नाही. वरातीत सगळे नवरदेवाकडे बघतात, घोड्याच्या नालांची चौकशी कुणी करत नाही.

व्यापाऱ्याच्या पदरी मात्र नालांची चौकशी करणारा एक वृद्ध होता. दस्तगीरचाचा त्याचे नाव. सत्तरी उलटलेली, पांढरी दाढी, बोलणे मोजके. ट्रेलरला दोन आस होते आणि प्रत्येक आसाच्या दोन्ही टोकांना टायरांची एकेक जोडी, असे एकूण आठ टायर. त्या आठ टायरांचे खाणेपिणे, दुखणेखुपणे गेली तीस वर्षे चाचांकडे होते. ट्रेलर हलण्याआधी, टायर गार असतानाच, ते हवा मोजत. प्रवासातून आलेल्या तापल्या टायरची हवा कुणी मोजू लागला, तर पळून आलेल्याची नाडी बघू नये, एवढेच म्हणून त्याच्या हातातले मापक काढून घेत.

टायर निवडण्याचे त्यांचे शास्त्रही त्यांचेच होते. एकदा व्यापाऱ्याने कुठूनसे चार झगझगीत टायर स्वस्तात आणले. नक्षी खोल, रंग काळाभोर, जणू आत्ताच साच्यातून निघालेले. चाचांनी पाणी मागवले, टायरची कड धुतली आणि तिच्यावर कोरलेल्या चार आकड्यांवर बोट ठेवले. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे; ही टायरची जन्मतारीख. चारही टायर सात वर्षांचे निघाले. कधी रस्त्यावर धावले नव्हते हे खरे, पण कुणाच्या तरी छपरावर सात उन्हाळे खाऊन बसले होते, आणि कडेला वाकवून पाहिले तर टाचेला पडतात तशा बारीक भेगा दिसत होत्या. व्यापारी हिरमुसला. ब्रह्मचारी असला म्हणून म्हातारा होत नाही का, असे चाचांनी त्याला विचारले, तेव्हा आवारातली सगळी माणसे हसली. चारही टायर परत गेले.

ट्रेलरला सरळ रेघांच्या नक्षीचेच टायर हवेत, असाही त्यांचा दंडक होता. ओढणाऱ्या चाकाला पकड लागते आणि ओढल्या जाणाऱ्या चाकाला कंबर लागते, असे ते सांगत. दोन मजली बोजा वळणावर डुलतो, तेव्हा ज्याची कड मऊ असते तो टायर आधी मुरडतो. हे सगळे ज्ञान ते फुकट वाटत, पण घेणारा मिळत नसे. तो मिळाला तीन वर्षांपूर्वी.

त्याचे नाव रेवण. हा मूळचा बैलांचा माणूस. उधळ्या खोंडाला नांगराला लावावे ते रेवणच्या वडिलांनी. त्या कामात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पुढे घरोघर ट्रॅक्टर आले, खोंड शिकवून घ्यायला कुणी येईना, आणि तिशीला आलेला रेवण व्यापाऱ्याच्या आवारात कामाला लागला. हाताला बळ होते, डोक्यात जिज्ञासा होती, आणि मुख्य म्हणजे शिकवणाऱ्याचे ऐकून घेण्याची सवय होती. चाचांना शिष्य मिळाला आणि रेवणला, वडील वारल्यानंतर, पुन्हा एकदा कुणीतरी रागावणारे मिळाले. तीन वर्षांत तो इतका तयार झाला की टायरवर लाकडी दांडा मारून नुसत्या आवाजावरून हवा सांगू लागला.

मग एक दिवस, दिवाळीच्या सुमारास, चाक उचलताना चाचांचा गुडघा लचकला आणि ते मटकन खाली बसले. लागले काही नाही. उठून हसलेसुद्धा. पण रेवण भ्याला. त्याने त्याच दुपारी घरून उशी आणली, कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची मांडली आणि चाचांना हाताला धरून तिच्यात बसवले. त्या दिवसापासून त्याच्या तोंडी एक वाक्य कायमचे मुक्कामाला आले: "चाचा, तुम्ही बसा."

यात वाईट काय, असे कुणालाही वाटेल. गुरूला बसवावे आणि शिष्याने राबावे, ही तर आपल्याकडची शिकवण. आवारातले लोक रेवणचे कौतुक करत. पोटचा पोरगासुद्धा इतके करणार नाही, असे व्यापारी चारचौघांत बोलून दाखवी. रेवणलाही ते ऐकून बरे वाटे आणि तो आणखी एक काम चाचांच्या हातून काढून घेई. आधी चाक उचलणे घेतले. मग पाना घेतला. मग हवेचे मापकही घेतले, वाकताना गुडघा दुखतो म्हणून. चाचांनी कधी न राहवून उठून एखाद्या चाकाची हवा बघितलीच, तर रेवण हो हो म्हणे आणि त्यांची पाठ वळली की हळूच जाऊन तीच हवा पुन्हा बघे. आपले हे करणे कुणाच्या लक्षात येत नाही अशी त्याची समजूत होती. तीस वर्षे चाकांकडे बघणाऱ्या माणसाच्या लक्षात न येणारे फार थोडे असते, हे त्याला सुचले नाही.

पाच महिने असे गेले. आठ टायर, ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीची चाके, जॅक, हवा, नट आवळणे, जुने टायर निवडणे, नवे मागवणे, सगळे एकट्या रेवणच्या अंगावर आले. त्याची कंबर धरू लागली. घरी गेल्यावर तो बारीकसारीक गोष्टींवरून बायकोवर, कलावतीवर, उखडू लागला. ती शहाणी होती. एकदा भाकरी वाढता वाढता तिने शांतपणे विचारले, की एवढे सगळे एकट्याने अंगावर घ्या असे सांगितले कुणी? भाकरी जाड झाली आहे, असे रेवण म्हणाला.

आणि चाचा? बसून माणूस ताजातवाना व्हावा, तर त्यांचे उलटेच झाले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागू लागली. एकच गोष्ट ते दोनदा विचारू लागले. चालताना पूर्वी न लागणारा आधार आता लागू लागला. गुढीपाडवा आठ दिवसांवर आला असताना त्यांनी एका सकाळी व्यापाऱ्याला सांगून टाकले, की पाडव्याला आपण सोलापूरला लेकीकडे जाणार आणि मग तिकडेच राहणार. इथे आता आपले काही काम उरलेले नाही.

रेवणला हे कळले तेव्हा त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. तो तडक कडुनिंबाखाली गेला.

"चाचा, माझं काय चुकलं? तुमास्नी काय कमी केलं मी?"

"काय बी कमी केलं न्हाईस," चाचा म्हणाले, "लई केलंस." आणि त्यांनी विषय बदलून चहा आला का ते विचारले.

रेवण दुखावला. आपण जिवाचे रान करतो आणि म्हातारा निघाला, हे त्याच्या मनाला लागून राहिले. त्याहून मोठी गोष्ट अशी होती की चाचांवाचून हे आवार कसे असेल, हे त्याला डोळ्यांसमोर आणता येत नव्हते. वडील एकदा गेले होते. आता दुसऱ्यांदा जाणार होते, आणि यावेळी आपल्या पायांनी चालत. त्यांना थांबवायचे कसे, हे त्याला उमगत नव्हते. मग त्याने त्याला येत होते तेच केले, म्हणजे आणखी राबू लागला.

इकडे पाडव्यासाठी सहा मोटारी कोकणात जायच्या होत्या. सहा घरांत गुढीशेजारी नवी मोटार उभी राहायची होती. ट्रेलरचे आठही टायर झिजत आले होते. अजून धावण्याजोगे होते, पण घाटासाठी व्यापाऱ्याने नवे मागवले. दुकानदाराकडे ताज्या जन्मतारखेचे चारच निघाले. उरलेले चार पाडव्यानंतर येणार होते. म्हणजे या फेरीला चार नवे आणि चार जुने, असे मिळून काम भागवायचे होते. आता कोणता टायर कुठे लावायचा, हा निर्णय रेवणने घेतला. चाचांना विचारावे असे त्याच्या मनात आले होते. पण उगाच त्यांच्या डोक्याला ताप कशाला, असे म्हणून त्याने तो विचार बाजूला सारला.

रेवणने लावले ते असे. प्रत्येक जोडीत एक नवा आणि एक जुना. चारही जोड्या अशा. नट आवळून झाल्यावर तो दोन पावले मागे सरला आणि समाधानाने पाहू लागला. ट्रेलरच्या ड्रायव्हरने विचारले, की ही असली मिसळ का केली? रेवण म्हणाला, त्यात काय अवघड आहे? खोंड शिकवायचा तर त्याला जाणत्या बैलाशेजारीच जुंपावा लागतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. नव्याला रस्त्याची सवय नाही, जुना त्याला सांभाळून घेईल. शिवाय सगळीकडे थोडे नवे आणि थोडे जुने, म्हणजे कुणावर अन्याय नाही. ड्रायव्हरला ते पटले. व्यापाऱ्याला तर फारच पटले, कारण त्यात म्हण होती. कडुनिंबाखाली बसलेल्या चाचांना मात्र कुणी काही विचारले नाही, आणि तेही काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, मोटारी चढवायच्या आधी, चाचा खुर्चीतून उठले. सणासाठी आवाराच्या भिंतींना नुकतीच सफेदी दिली होती आणि चुन्याची अर्धी बादली कोपऱ्यात उरली होती. चाचांनी ती उचलली, कुंचला घेतला आणि रिकाम्या ट्रेलरपाशी जाऊन पहिल्या टायरच्या नक्षीवर चुना फासायला सुरुवात केली. रेवण धावत आला. तो नेहमीचे वाक्य उच्चारणार, इतक्यात चाचांनी कुंचला त्याच्याकडे रोखला. चुन्याचे दोन थेंब त्याच्या सदऱ्यावर पडले आणि वाक्य तोंडातच राहिले.

आवारात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणाले, म्हातारपणी असे व्हायचेच. कुणी म्हणाले, सणाला घराला सफेदी, तशी ट्रेलरलाही. व्यापाऱ्याला खात्री वाटली की हा दृष्ट काढण्याचा काही खास प्रकार असणार. एवढ्या सहा मोटारी घाटातून जायच्या म्हणजे लोकांची नजर लागणारच, असे म्हणून त्याने घाईघाईने एक लिंबू आणि सात मिरच्या आणवल्या आणि पुढे काय करायचे असते ते विचारले. चाचांनी ते लिंबू घेतले, आभार मानले आणि सरबताला बाजूला ठेवून दिले.

वाकत, थांबत, गुडघ्यावर हात टेकत त्यांनी आठही टायर पांढरे केले. मग ड्रायव्हरला हाक मारून ट्रेलर सरळ, अगदी हळू, दहा पावले पुढे घ्यायला सांगितला. आवारातली जमीन डांबरी होती. ट्रेलर पुढे सरकला आणि मागे काळ्या जमिनीवर पांढरे पट्टे उमटत गेले. ट्रेलर थांबल्यावर चाचांनी रेवणला खुणेने बोलावले आणि जमिनीकडे बोट केले.

पट्टे आठ असायला हवे होते. ठळक चारच होते, जाड, रुंद, चुना दाबून पसरलेला. त्या प्रत्येकाच्या शेजारी एक पुसट रेघ होती. कुठे दिसे, कुठे तुटे, एखाद्याने कुंचला वरच्या वर फिरवावा तशी. ठळक पट्टे नव्या टायरांचे आणि पुसट रेघा जुन्यांच्या. रेवण खाली बसला. त्याने आधी पट्ट्यावर बोट फिरवले, मग रेघेवर, आणि मग वर चाचांकडे पाहिले.

चाचांनी कुंचला बादलीत ठेवला.

"बैल एकमेकांकडं बघून शिकत्यात, रेवण. टायरला डोळं नसत्यात," ते म्हणाले. "झिजून झिजून जुन्याची उंची अर्धं बोट कमी झाली. म्हंजे ट्रेलर टेकला की आधी नवंच टेकणार, आणि वजन समदं त्याच्या डोक्यावर. गाड्या चढल्यावर जुनंबी टेकंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पण तवर नवं पार दबून बसल्यालं असतंय. घाटात तेच तापणार आणि तेच फुटणार. मग लोक म्हणणार, बघा, नवं असून फुटलं."

"पण जुन्याला तरी आराम झाला की," रेवण म्हणाला.

चाचा हसले. "समद्यांना तसंच वाटतंय. आरं, दोघं एकाच आसाला बांधल्यालं. दोघांचं फेरं सारखंच. मोठ्याचा फेरा मोठा, बारक्याचा बारका. दर फेऱ्याला जुनं जरा मागं पडतंय, आणि नवं त्याला फरफटत म्होरं नेतंय. ओझं न्हाई, पण फरफट हाय. नवं ओझ्यानं जातंय आणि जुनं फरफटीनं. दोन्ही जात्यात, लेका."

आवारातली माणसे माना डोलावत आपापल्या कामाला पांगली. त्यांना टायरची एक नवी गोष्ट कळली होती आणि तेवढ्यावर ती खूश होती. रेवण मात्र जागचा हलला नाही. त्या पुसट, तुटक रेघेकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. कडुनिंबाखालची खुर्ची त्याला आठवली, तिच्यावरची उशी आठवली, मागून जाऊन पुन्हा बघितलेली हवा आठवली. त्याची कानशिले गरम झाली. पाच महिने आपण याला मान देणे म्हणत होतो, आणि म्हातारा फरफटत होता.

"चाचा," तो हळूच म्हणाला, "हे तुम्ही टायरचंच बोलताय न्हवं?"

"टायरचंच," चाचा म्हणाले. मग पुढे म्हणाले, "उपाय सोपा हाय. जुनं काढायचं आणि जुन्याच्याच जोडीला लावायचं. सोलापुरात जावयाच्या वाड्यावर माझ्या उंचीची चार माणसं रोज पत्ते खेळत्यात."

ते असे हसत हसत म्हणाले, पण बोलताना त्यांचा हात ट्रेलरच्या कडेवरून फिरत होता, आणि रेवणला ते दिसले. सोलापूरला जाण्याचा त्यांना आनंद नव्हता. त्यांनी फक्त तीस वर्षांचे आपले शास्त्र स्वतःला लावून पाहिले होते आणि निघालेले उत्तर मान्य केले होते.

रेवण उठला. आधी टायर. त्याने जॅक लावला आणि पुढच्या आसावर चारही नवे, मागच्या आसावर चारही जुने, अशा जोड्या लावायला घेतल्या. चाचा खुर्चीकडे वळले. पहिल्या चाकाचे नट सैल करता करता रेवणचे हात थांबले. हे शास्त्र टायरला लागू पडते, यात शंका नव्हती. पण ते जसेच्या तसे माणसाला लावताना कुठेतरी काहीतरी अडत होते, आणि काय अडत होते ते त्याला एकदम दिसले. तो तसाच, हाताला चुना आणि वंगण लागलेले, चाचांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"टायरला अर्धं बोट वाकता येत न्हाई, चाचा. म्हणून त्येला वेगळं करायचं. माणसाला वाकता येतंय की."

चाचा खुर्चीपाशी थांबले.

"मायेनं बसवलं मी तुमास्नी. पडलासा तवा भ्यालो होतो. पण सगळं ओझं माझ्याकडं घेतलं आणि तुमची फरफट केली, हे मला कळलं न्हाई. आता ऐका. ट्रेलरची डावी बाजू तुमची, उजवी माझी. तुमच्या बाजूला कुठलं चाक कुठं, हवा किती, नट आवळलं का न्हाई, समदं तुम्ही बघायचं. उचलायला मला हाक मारा, तेवढ्यापुरता मी तुमचा हात. पण बोलणं तुमचं. आणि तुमच्या बाजूला मी मागनं येऊन बघणार न्हाई."

हे शेवटचे वाक्य त्याला जड गेले, कारण ते खरे करावे लागणार होते.  मागून येऊन बघतोस ते मला ठाऊक होते, असे चाचा म्हणाले नाहीत, पण त्यांच्या मिशीत ते दिसत होते.

"मग मलाबी वाकाय लागंल," अखेर ते म्हणाले. "चाक उचलायचा माझा हट्ट गेला आजपासनं." आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेला रुमाल त्यांनी कमरेला आवळला.

ते काम पूर्वी रेवण एकट्याने जितक्या वेळात करत असे, त्याच्या दीडपट वेळ लागला. हे लपवण्यात अर्थ नाही. डाव्या बाजूला चाचा एका लाकडी पाटावर बसून दोरीने टायरचा घेर मोजत होते आणि रेवण उजवीकडे तळमळत होता. दोनदा त्याला वाटले की जाऊन सांगावे, चाचा, एवढे बारीक मोजायची गरज नाही. दोन्ही वेळा त्याने नट उगाच थोडा जास्त आवळला. तिसऱ्यांदा हाक डावीकडूनच आली. चाचांनी चारही जुन्या टायरांना दोरी लावली होती आणि त्यांतल्या दोनांचा घेर जोडीदाराशी पुरता जुळत नव्हता, त्यांची आपसात अदलाबदल करायला हवी होती. उजवीकडचा एक डावीकडे, डावीकडचा एक उजवीकडे. चारही जुने, म्हणून सारखेच, असे रेवणने गृहीत धरले होते. त्याने निमूटपणे चाके बदलली आणि चाचांनी पुन्हा दोरी लावून मान हलवली. मग डावीकडूनच ओरडा आला, की उजव्या बाजूच्या दोन चाकांना हवेच्या तोंडाची टोपणे नाहीत, तिथून माती शिरेल, हे काय काम झाले? रेवणने टोपणे शोधून बसवली. पाच महिन्यांनी कुणीतरी त्याला रागावले होते, आणि त्याला इतके बरे वाटले की तो शीळ घालू लागला.

त्या दुपारी तो घरी गेला तेव्हा कलावतीला भाकरी छान झाल्याचे सांगितले. भाकरी अजून तव्यावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही मोटारी ट्रेलरवर चढल्या. टायर गार होते. चाचांनी डाव्या बाजूची हवा बघितली, रेवणने उजव्या बाजूची. चाचांना जरा वेळ लागला. मागून दुसऱ्या चाकापाशी ते बराच वेळ वाकून होते आणि उठताना त्यांनी ट्रेलरचा आधार घेतला. रेवणचे पाय आपोआप तिकडे वळले. तीन पावले तो गेलाही. मग थांबला, दोन्ही हात खिशात घातले आणि आपल्या बाजूला परत आला. खोंडाला वळवण्यापेक्षा स्वतःला वळवणे अवघड असते, हे त्याला त्या तीन पावलांत कळले.

ड्रायव्हर वर चढून बसला होता. त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले. गेले पाच महिने तो हा प्रश्न एकट्या रेवणला विचारत आला होता.

"बघितलंस का रे समदं?"

"ह्या बाजूचं मी बघितलंय," रेवण म्हणाला, "त्या बाजूचं चाचांनी."

 ड्रायव्हरने आधी रेवणच्या तोंडाकडे पाहिले. तिथे शंकेचा मागमूस नव्हता. मग त्याने दुसऱ्या खिडकीतून वाकून चाचांना विचारले, "निघू का, चाचा?"

 चाचांनी हातातला दांडा घेऊन आपल्या बाजूचे चारही टायर एकेकदा ठोकले, कान देऊन ऐकले, आणि मग ताठ उभे राहून म्हणाले, "निघ." ट्रेलर हलला. सहा मोटारी डुलत डुलत फाटकाबाहेर पडल्या. रस्त्यावरची माणसे मान वर करून बघू लागली आणि आवारात उभे असलेले ते दोघे मान खाली घालून चाकांकडे बघत राहिले.

दुपारी घाट उतरून ट्रेलर सुखरूप पोचल्याचा फोन आला. तो चाचांनी घेतला. मग त्यांनी रेवणला दुसरा एक फोन लावून द्यायला सांगितले, सोलापूरला, लेकीला. पाडव्याला येतो म्हणाले. दोन दिवस राहीन, जास्त नाही; पाडव्यानंतर चार नवे टायर यायचे आहेत, त्यांची जन्मतारीख बघायला इथे माणूस पाहिजे.

आपल्याही घरात कुणीतरी असे मायेने खुर्चीत बसवलेले असते. त्यांना आज एखादे खरे काम सांगून पाहावे, आणि त्यांनी ते केल्यावर मागून जाऊन तपासू नये.